इतवारीतील बिडाच्या भंगाराचे दुकान: लेथ बाळगणाऱ्यांच्या दृष्टीने

नागपूरच्या इतवारीतील लोहाओळीच्या परिसरात बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भंगार पोलादापासून वेगळे काढून विकणारे एक दुकान आहे. लेथची, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राची, उपकरणे घरी तयार करणाऱ्यांनी तेथे अवश्य जावे. मात्र कानस, लहान हातोडी आणि कॅलिपर सोबत न्यावे, कारण मालाची पारख करून देणे हे आपले काम आहे, असे तेथे कोणी मानत नाही.

डिझेल पंपांची फ्लायव्हील, भरीव पुल्या, यंत्रमागांची चाके आणि ट्रकचे ब्रेक ड्रम असा माल असतो. ड्रमवरील धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तो ओल्या फडक्यानेच पुसावा. मी फेसप्लेटसाठी (काम बांधण्याच्या खाचांच्या चकतीसाठी) फ्लायव्हील आणि चकच्या बॅकप्लेटसाठी (काम पकडणारा चक लेथला जोडणाऱ्या चकतीसाठी) जाड पुली निवडली. तुकडा टांगून हलके ठोकला असता आवाज बद्द आला, तर तडा असण्याची शक्यता धरावी. कडेवर कानस चालत नसेल, तर ओतताना तो भाग लवकर थंड होऊन पांढरे बीड झालेले असते आणि साधे टूल (लेथचे कापणारे हत्यार) त्यावर टिकत नाही. करड्या बिडात सुमारे २.५ ते ४ टक्के कार्बन असतो व त्यातील बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असल्यामुळे हा धातू कंपने शोषतो आणि कूलंटशिवायही छान कापला जातो. काळी भुकटी मात्र लेथच्या बेडवर साचू देऊ नये.

दोन्ही नगांचे काम समाधानकारक झाले. वरच्या कातडीत साच्याची वाळू रुतलेली असते, त्यामुळे पहिला कट तिच्या खालून जाईल इतका खोल घ्यावा लागतो. वरवरच्या कटाने टूलची धारच जाते. कातडी निघाल्यावर आतला ताण मोकळा होऊन तुकडा किंचित वाकतो, म्हणून कच्चे टर्निंग करून तो काही काळ बाजूला ठेवणे हिताचे. बॅकप्लेटचे आटे आणि मागची टेकणारी बाजू आधी पूर्ण केली, मग ती आपल्याच लेथच्या स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चढवून चक बसण्याचा खांदा कापला. त्यामुळे ती वेगळी जुळवत बसावे लागले नाही. खाचा पाडलेली फेसप्लेट मी मंद गतीनेच फिरवतो, कारण बीड ताणाला कमजोर असते.

तक्रार वजनाबाबत आहे. पुलीत अडकलेला पोलादी शाफ्ट आणि चिकटलेले ग्रीस बिडाच्याच भावाने मोजले जाते. काट्यावर चढवण्यापूर्वी शाफ्ट काढून मागितला, तर दुकानदार कुरकुरतो, पण काढून देतो. निवडलेल्या मालाचा भाव वितळवण्यासाठी जाणाऱ्या भंगारापेक्षा चढा आहे. निवडीची मोकळीक असल्याने मला तो पटला. प्रचलित मापाची बॅकप्लेट हवी असेल, तर मशीन टूलच्या दुकानातून तयार ओतीव नग घेणेच सोयीचे, कारण तेथे तडा किंवा कठीण डाग निघाल्यास बदलून मागता येतो आणि येथे विकलेला माल परत घेतला जात नाही.