धुऱ्यावरचा वैरी अन् पारावरचा दोस्त

दोस्त आपली चूक पोटात घालतो. वैरी ती गावभर करतो. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा हा फरक मला नीट कळला. दोस्त वावरातून फिरून म्हणाला, "पऱ्हाटी मस्त आहे गड्या." धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून अबोला धरलेला शेजारी मात्र ओरडला, "डोमकळ्या दिसत नाहीत का रे? तुह्या वावरातली अळी माह्या वावरात येईन!" पाकळ्या चिकटून गुलाबकळीसारखं मिटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, मी उकललं. आत अळी वळवळत होती. स्वार्थापोटी का होईना, नजर त्याचीच बारीक! पण वेचणीला मजूर मिळेना, तेव्हा बायकोपोरांसह वावरात उतरला तो दोस्तच. मला तोच जवळचा.