खरा कागद, भलत्याच वस्तूचा

डिझेल पिकअपसाठी ट्यूनर, म्हणजे इंजिनाची आज्ञावली बदलणारे यंत्र, विकत घेताना माझी जी फसवणूक झाली, तिच्यात एकही बनावट कागद नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. कारण खोटा शिक्का किंवा खोटी सही शोधत बसणारा माणूसच या सापळ्यात हमखास सापडतो. मला दाखवलेला मंजुरीचा आदेश खरा होता, त्यावरचा क्रमांक खरा होता आणि तो देणारे सरकारी खातेही खरे होते. फक्त तो आदेश मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा नव्हता.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. आमच्याकडे 2014 सालची रॅम 2500 आहे, तिला 6.7 लिटरचे सहा सिलिंडरांचे कमिन्स डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असून मूळची ताकद 370 अश्वशक्ती आणि 800 पौंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, इतकी आहे. मागे जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर सामान आणि पाणी भरल्यावर साडेआठ हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण 3,850 किलोंच्या घरात जातो. उन्हाळ्यात लेक टाहोच्या बाजूला जायचे तर जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघून इंटरस्टेट 80 ने डॉनर खिंडीतली सात हजार फुटांहून अधिक उंची गाठावी लागते, आणि ऑबर्न मागे पडले की चढ काही केल्या संपत नाही. या चढावर गाडी वारंवार खालच्या गिअरवर येत असे आणि आवाज करीत असे, एवढीच माझी तक्रार होती. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला या राज्यात ताशी 55 मैलांची मर्यादा असल्यामुळे वेग वाढवून मिळणार काहीच नव्हते. महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राने तेव्हाच विचारले होते, "अरे, घाट चढायची तुला एवढी घाई कसली आहे?" त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

ट्यूनर ही वस्तू ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हातात मावणारे हे यंत्र स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या जोडणीला, जोडले की ते इंजिनाच्या संगणकातली मूळ आज्ञावली काढून तिच्या जागी दुसरी घालते. डिझेल किती दाबाने, किती वेळ आणि पिस्टन कुठे असताना फवारायचे, टर्बोने हवा किती कोंबायची, गिअरबॉक्सकडे जाणारा टॉर्क कुठे रोखायचा, हे सारे त्या आज्ञावलीत ठरलेले असते. याहून स्वस्त असे आणखी दोन प्रकार बाजारात मिळतात. एकात नुसते लुकलुकणारे दिवे असतात आणि इंजिनाशी त्याचा काहीही संबंध नसतो. दुसरा प्रकार सेन्सरच्या तारेत बसून संगणकाला खोटा आकडा कळवतो, म्हणजे इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे भासवून तो वाढवायला लावतो. हे दोन्ही प्रकार मी अभ्यासपूर्वक टाळले होते आणि त्याबद्दल स्वतःवर बराच खूश होतो. फसणाऱ्या माणसाच्या अंगी हा अर्धवट अभ्यास बहुधा असतोच.

कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणारा कोणताही बाहेरचा भाग बसवायचा, तर त्याला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा, म्हणजे कार्बचा, मंजुरी आदेश असावा लागतो. अन्यथा वाहन कायद्याचे कलम 27156 आड येते. मला ते माहीत होते, म्हणून परराज्यातल्या विक्रेत्याशी फोनवर बोलताना पहिला प्रश्न मी तोच विचारला. त्याने 'डी' या अक्षराने सुरू होणारा आदेशक्रमांक तत्काळ सांगितला, आदेशाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र पाठवले आणि पन्नासही राज्यांत हे चालते असे छातीठोकपणे सांगितले. पानावर ट्यूनर बनवणाऱ्या कंपनीचे नाव बरोबर होते. मी तो क्रमांक कार्बच्या यादीत शोधून पाहायला हवा होता; ती यादी सर्वांसाठी खुली आहे आणि त्या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. मी शोधला नाही, कारण क्रमांक इतक्या सहजपणे सांगणारा माणूस खोटे बोलत नसेल असे मला वाटले.

हा 2024 सालचा आरंभ होता. माझ्याच इंजिनाच्या कंपनीची बातमी तेव्हा ताजी होती: 2013 ते 2019 या वर्षांच्या सुमारे 6 लाख 30 हजार रॅम पिकअपांच्या इंजिनांत उत्सर्जन नियंत्रणाला बगल देणारी आज्ञावली घातल्याचा अमेरिकी सरकारचा आरोप होता, आणि ते प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीने 167.5 कोटी डॉलरचा दंड भरायचे मान्य केले होते. विक्रेत्याने ती बातमी मोठ्या खुबीने वापरली. मूळ आज्ञावलीच अशी असेल तर ती बदलण्यात गैर काय, असे तो हसत म्हणाला. कायदेशीर म्हणून विकायच्या वस्तूसाठी असे समर्थन मुळात लागावेच का, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

यंत्राची किंमत 900 डॉलर होती. कार्डाऐवजी बँकेतून थेट पैसे पाठवल्यास पाच टक्के सूट होती आणि मी ती घेतली. ते 45 डॉलर वाचवताना पैसे परत मागण्याचा एकमेव सोपा मार्ग मी स्वतःच्या हाताने बंद केला.

यंत्रात 'टो', म्हणजे ओझे ओढण्यासाठीची, अशा नावाची फाइल होती आणि ती घातल्यावर पहिल्या फेरीत गाडी खरोखरच सुरेख चढली. कोलफॅक्सच्या पुढे जिथे ती धापा टाकत असे तिथे ती वरच्या गिअरवर निमूटपणे जात राहिली, आणि मी घरी फोन करून कौतुक सांगितले. पुढच्या दोन महिन्यांत मात्र काही गोष्टी खटकू लागल्या. धुराची गाळणी, म्हणजे डीपीएफ, स्वतःला जाळून साफ करण्याचे चक्र पूर्वीपेक्षा खूपच लवकर लवकर सुरू करू लागली. चढावर इंजिनाचे फेरे वाढत पण गाडीचा वेग तेवढा वाढत नसे. गिअरबॉक्सचे तेल काढून पाहिले तर ते काळपट होते आणि त्याला जळका वास येत होता.

कसाऱ्याच्या घाटात एखादा जुना ट्रक काळा धूर ओकू लागला की इंजिनात डिझेल गरजेपेक्षा जास्त पडते आहे हे मागच्या एसटीतल्या प्रवाशालाही कळते. इथे 2007 पासूनच्या डिझेल पिकअपांना गाळणी असल्यामुळे तो धूर बाहेर दिसतच नाही. गाळणी तो गिळते आणि लवकर तुंबते. जास्तीच्या इंधनाची उष्णता मात्र पिस्टन आणि टर्बो यांना सोसावीच लागते. ट्रेलर ओढताना टर्बोच्या आधीच्या नळीतले तापमान सलग 1,250 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 675 सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये, असे जाणकार सांगतात. मी ते मोजतच नव्हतो. ओळखीच्या मेकॅनिकने तापमापक जोडून ट्रेलरसह एक चढ चढून पाहिला, तेव्हा अर्ध्या वाटेतच काटा त्या आकड्याच्या पुढे गेला आणि त्याने मला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायला सांगितले. त्याने नोंदवलेले आकडे पाहून त्याचे मत असे पडले की ही फाइल ओझे ओढण्यासाठी बनवलेलीच नव्हती; रिकाम्या गाडीने शर्यत खेळण्याच्या फाइलला नुसते 'टो' असे नाव दिलेले होते. ओढण्यासाठीची फाइल 30 ते 60 अश्वशक्तीच्या वाढीवर समाधान मानते आणि गिअरबॉक्सला सांभाळून घेते, हे त्याने त्या दिवशी समजावले. नाव पडद्यावर दिसते, आतले आकडे दिसत नाहीत, आणि मी विकत घेतले होते ते नाव.

त्याच सुमारास नोंदणीच्या नूतनीकरणासाठी स्मॉग चाचणीचे, म्हणजे गाडीच्या उत्सर्जन तपासणीचे, पत्र आले. कॅलिफोर्नियात 1998 आणि त्यानंतरच्या, 14,000 पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना दर दोन वर्षांनी ही चाचणी द्यावी लागते, आणि जुलै 2021 पासून चाचणीचे यंत्र इंजिनाच्या आज्ञावलीची ओळख पटवणारा क्रमांकही वाचते. माझा क्रमांक ना मूळ कंपनीच्या आज्ञावलीशी जुळला, ना कोणत्याही मंजूर आज्ञावलीशी. गाडीत इशाऱ्याचा एकही दिवा पेटलेला नव्हता, एकही भाग काढलेला नव्हता, तरी निकाल नापास असा आला.

त्या रात्री मी अखेर तो आदेश पूर्ण उघडून वाचला. तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका ट्यूनरचा होता, आणि तो ट्यूनर पेट्रोल इंजिनांसाठी होता. माझ्या यंत्राचा भाग क्रमांक आणि आदेशातला भाग क्रमांक यांच्यात फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा फरक होता. कोणता भाग क्रमांक, कोणत्या वर्षांच्या कोणत्या गाड्या, कोणते इंजिन, हा सारा तपशील आदेशाच्या पुढच्या पानांवर होता, आणि मला छायाचित्र पाठवले होते ते पहिल्याच पानाचे. मग पावती काढून पाहिली, तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की ही वस्तू फक्त स्पर्धेत वापरायच्या वाहनांसाठी आहे आणि खोका उघडल्यावर परत घेतली जाणार नाही. फोनवर पन्नास राज्ये आणि पावतीवर शर्यतीचे मैदान, अशी त्या विक्रेत्याची दोन तोंडे होती.

विक्रेत्याचे उत्तर दोन ओळींचे होते: चाचणीपूर्वी मूळ आज्ञावली परत घालावी आणि चाचणी झाली की पुन्हा हीच चढवावी. म्हणजे काय होणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. मला पुन्हा चढवायची नव्हती, पण काढायची तर होतीच. तर यंत्र म्हणाले की जतन केलेली मूळ फाइल सापडत नाही. विक्रेत्यानेच सांगितलेले एक अपडेट मी मध्यंतरी घातले होते, त्यात ती पुसली गेली असावी. डीलरकडे 240 डॉलर देऊन मूळ आज्ञावली घालून घेतली, गिअरबॉक्सचे तेल आणि त्या तेलाच्या गाळण्या बदलल्या, आणि गाडीच्या अंतर्गत तपासण्या पूर्ण होण्यासाठी आठवडाभर ती नुसतीच फिरवली, तेव्हा कुठे फेरचाचणीत ती पास झाली.

राज्याच्या लघुवाद न्यायालयात व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, परंतु परराज्यातल्या विक्रेत्याला तिथे खेचणे जवळपास अशक्य असल्याचे मला सांगण्यात आले. कार्बकडे तक्रार, पावती आणि त्याची ती दोन ओळींची मेल पाठवली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये अंदाज दिला होता की त्याआधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची उत्सर्जन नियंत्रणे काढून टाकली गेली. त्यांतले पुष्कळ मालक समजून-उमजून त्यात पडले असतील, पण माझ्यासारखे किती जण पहिल्याच पानावर विश्वास ठेवून पडले असतील, याचा मी कधी कधी विचार करतो. या इंजिनासाठी रीतसर मंजूर ट्यूनरही मिळतात. त्यांची ताकद जाहिरातीत डोळे दिपवत नाही, एवढेच.

यंत्र आता गॅरेजच्या फळीवर आहे. ते माझ्या गाडीच्या व्हीआयएनला, म्हणजे ओळख क्रमांकाला, बांधलेले असल्यामुळे दुसऱ्या गाडीत चालत नाही, आणि चालले असते तरी मी ते कोणाला दिले नसते. परवा त्या विक्रेत्याची जाहिरात पुन्हा दिसली. मंजुरीचा क्रमांक तोच आहे. खालची गाडी तेवढी बदलली आहे.