इस्पितळात दिलेल्या कागदांवर आईच्या नावाने 42,999 रुपयांचा मोबाइल

माझ्या आईने आयुष्यात बटणांच्या फोनपलीकडे काही हाताळलं नाही. तिच्या नावावर आज 42,999 रुपयांच्या मोबाइलचं कर्ज आहे.

गणेश चवथ आठ दिवसांवर असताना ती अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. गोव्यातल्या आमच्या वाळपईहून रात्रीच पणजीजवळच्या एका खासगी इस्पितळात नेलं. फाइल करणारा मुलगा तिला 'आजी' म्हणायचा, माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या आराशीची, चौकशी करायचा. आधार, रेशन कार्ड, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या. मग म्हणाला, पॅन आणि पासबुकही द्या, योजनेत न बसणारा खर्च परत मिळेल. फाइलसाठी म्हणून फोटो काढला. "डोळे उघडा आजी, मान जरा डावीकडे."

इथेच मला कळायला हवं होतं! फाइलच्या फोटोला मान कशाला वळवायची? वर दोनदा ओटीपी मागितला. दुसऱ्या मेसेजमध्ये फायनान्स कंपनीचं नाव होतं. मी फक्त सहा आकडे वाचून दाखवले. तिकडे डॉक्टर सहीसाठी हाका मारत होते. बँकेच्या नावाने येणारे फसवे फोन मी दोन वाक्यांत ओळखतो. पण हा गळ्यात ओळखपत्र घालून आईच्या उशाशी उभा होता. त्याच्यावर संशय कोण घेईल?

पेन्शनच्या खात्यातून 3,583 रुपये दोनदा गेले. तिसऱ्यांदा शिल्लक कमी पडली, तर 590 रुपये दंड. 7,756 रुपये गेले तेव्हा मला पत्ता लागला. पासबुक दर महिन्याला भरून घ्या.

बँक म्हणते, मंजुरी तुमच्याच ओटीपीने झाली. कंपनी म्हणते, एफआयआर आणा. पोलिस म्हणतात, ऑनलाइन प्रकरण आहे, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणतात, मोबाइल दुकानातून उचललाय, तुमच्या ठाण्यात जा. कदंबाच्या एसटीने चार फेऱ्या झाल्या. वर "आईला घेऊन या", खुब्यात सळी घातलेल्या बाईला! शेवटी एकाने 'कागदपत्रे हरवली' असा अर्ज लिहायला सांगितलं. हरवली नाहीत हो, चोरली! दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे मी त्यांना सांगायचं? इस्पितळाचं उत्तर एका ओळीचं: तो कंत्राटदाराचा माणूस, आता कामावर नाही.

पैसे गेल्याचं कळताच आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. झेरॉक्सवर आडवं लिहा, कुठे, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, आधी तीच पुढे करा. इस्पितळात कुणी पॅन मागितलं तर कारण लेखी मागा. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, घरातल्या म्हाताऱ्यांचाही काढा. त्यातल्या चुकीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझे दिवस मोजणं चालू आहे.

वसुलीचे फोन अजून येतात. परवा आईनेच उचलला. "बाबा, मी कुणाचं काही घेतलेलं नाही," एवढंच म्हणत राहिली. रात्री मला हळूच विचारलं, गळ्यातली साखळी मोडून देऊन टाकूया का.