पूर्व ओरेगनमधला 685 डॉलरचा 'परवाना'

अ‍ॅगेट, जास्परसारखे शोभेचे दगड वेचायला पूर्व ओरेगनला निघाला असाल तर आधी हे वाचा. मी नवखा नाही. सहा वर्षं दगड गोळा करतोय, गॅरेजमध्ये गाडी लावायला जागा उरलेली नाही. तरीही 685 डॉलरला बुडालो.

दादा-वहिनी भारतातून आले होते. त्यांना रिकाम्या हाताने परत आणायचं नव्हतं, म्हणून खात्रीची जागा शोधत होतो आणि हा माणूस भेटला. म्हणे, चांगला भाग सगळा क्लेमखाली (म्हणजे खनिज काढण्याच्या नोंदवलेल्या हक्काखाली) गेलाय, क्लेम माझा, न विचारता दगड उचललात तर चोरी. दुसऱ्याच्या चालू क्लेमवरचा दगड परवानगीशिवाय उचलता येत नाही हे खरंच आहे, म्हणून तर बाकीचंही खरं वाटलं. माणशी 65 प्रमाणे चौघांचे 260, वर 'प्रवेश फी' 240. अ‍ॅपवरून, 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडून. (हा पर्याय कोणी मागितला की तिथेच फोन ठेवा.)

परवाना म्हणजे गरुडाचं चित्र असलेली पीडीएफ. क्लेमचा अनुक्रमांक नाही. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याच्या) साइटवर क्लेमच्या नोंदी फुकट दिसतात. मी त्या परत आल्यावर पाहिल्या. तिथे क्लेम नव्हताच! मोकळी सरकारी जमीन, जिथे हौसेपुरते अ‍ॅगेट-जास्पर उचलायला काही लागत नाही.

पण 500 गेल्याचं एवढं वाटत नाही. वहिनीला दहा मिनिटांत अ‍ॅगेट सापडला. एक बाजू सपाट. मी अंगठा फिरवला, करवतीच्या समांतर रेघा हाताला लागल्या. आणि मी काय म्हणालो? "वहिनी, नशीब काढलंत!" जमिनीतून कापलेला दगड निघतो का कधी? त्याने आदल्या दिवशी पेरून ठेवले होते, आणि अंगठ्याला कळलेलं डोक्यात शिरलं नाही.

मग त्याने ट्रकमधून अश्मीभूत लाकडाचा तुकडा काढला. "परवाच इथून काढलाय, 185." सरकारी जमिनीवरचं असं लाकूड रोज माणशी 25 पाउंड आणि वर एक तुकडा, वर्षाला 250 पाउंडांपर्यंत फुकट नेता येतं, पण स्वतःपुरतं, विकता येत नाही. हाच नियम मी येताना गाडीत दादाला ऐटीत ऐकवला होता. तरी पैसे दिले. दादासमोर हुज्जत घालायची लाज वाटली, दुसरं काय.

शेरीफच्या कार्यालयात सांगितलं, तर "तुम्ही राजीखुशीने दिलेत, दिवाणी मामला आहे." जमीन खात्याच्या कार्यालयात म्हणाले, असा परवाना आम्ही देतच नाही, मग आमचा काय संबंध? अहो, तुमच्या नावाने खोटा कागद फिरतोय! त्यांनी एक नंबर दिला. त्या नंबरवरच्या बाईने मला परत शेरीफकडे धाडलं. अ‍ॅपवाले म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. बँकेने तेच वाक्य जरा गोड आवाजात सांगितलं. ऑनलाइन तक्रारही केली. तक्रार क्रमांक मिळाला, तो जपून ठेवलाय, फ्रेम करून लावीन म्हणतो.

अनुक्रमांक विचारा. जागेचे अक्षांश-रेखांश निघण्याआधी मागा, तिथे पोचल्यावर नव्हे. स्क्रीनशॉट ठेवा, माझा अर्धा पुरावा त्याने संदेश पुसल्यामुळे गेला.

गेल्या आठवड्यात तो नव्या नावाने दिसला. जाहिरातीच्या फोटोत अ‍ॅगेट धरलेला हात आहे. अंगठी ओळखीची वाटली म्हणून फोटो मोठा करून पाहिला. हात माझाच आहे.