तांब्याची जुनी नाणी: एक अख्खा पावसाळा काढल्यावर काय टिकलं

मेटल डिटेक्टरने जमिनीतलं नाणं शोधणं हा या छंदातला सोपा भाग. आमचं शेत रावेर तालुक्यात. केळीचा खोडवा निघून नांगरट झाली की ढेकळांत शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मिळते, कधी तराजू आणि फारसीत ‘अदल’ असलेला मुंबई इलाख्याचा पैसा, कधी कंपनीचा १८३५चा पाव आणा. पुढे ती साफ करायला आणि ठेवायला मी जे जे वापरलं, त्याचा हा अनुभव पावसाळा संपल्यावरच लिहायचा ठरवला होता. मे महिन्यात जळगावकडची हवा इतकी कोरडी असते की तेव्हा कुठलंही नाणं शहाण्यासारखं वागतं. परीक्षा ऑगस्टात होते.

कायद्याचं आधी सांगतो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शेत स्वतःचं असलं तरीही. मी अर्ज देऊन पोच घेतली आहे. आणि प्रकाशे, बहाळ अशा उत्खनन झालेल्या गावांच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, डिटेक्टर घेऊन जायचंच नाही.

आता पाणी. आमचं बोअरचं पाणी जड, नाणं वाळलं की पांढरे डाग उरतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात स्वस्त मिळतं, फक्त शेजारीच ॲसिडचा कॅन असतो, लेबल वाचून घ्या. काचेच्या बरणीत नाणं भिजत घालायचं आणि एक-दोन दिवसांनी आरओवाल्यांकडे असतो तो टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) त्यात बुडवायचा. आकडा चढला म्हणजे नाण्यातून क्षार बाहेर येतोय. पाणी बदलायचं, आकडा हलेनासा होईपर्यंत. कोरडवाहू तुकड्यातली नाणी लवकर शांत होतात, केळीच्या शेतातली महिनोन्‌महिने क्षार सोडत राहतात. माझा तर्क असा: केळीला आपण पोत्यांनी टाकतो तो पोटॅश बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतो, आणि तांब्याचा वैरी नेमका क्लोराइडच.

माती काढायला बाभळीचा काटा. यावर मी खूश आहे. ओल्या नाण्यावर, भिंगाखाली. शिवराईवरच्या ‘श्री राजा शिव’मधल्या ‘जा’चा काना दगडासारख्या मातीने बुजला होता, काटा आडवा धरून कडेने टोकरत गेलो तर मातीची खपली अख्खी निघाली आणि खालचा चॉकलेटी थर जागच्या जागी राहिला. टोक बोथट झालं की दुसरा काटा, बांधावर तोटा नाही. सुई आणि तारेचा ब्रश मात्र लांब ठेवा.

आमच्या काकू प्रत्येक वेळी म्हणतात, “अरे भाऊ, चिंच-मीठ लाव ना, कसं लखलखीत निघेल!” तांब्या-घागरीला ते ठीक. नाण्यावर चिंचेचं आम्ल शे-दोनशे वर्षांचा थर खरवडून काढतं, गुलाबी तांबं उघडं पडतं, वर मिठातून क्लोराइड आपणच आत घालतो. जाणकार असं नाणं हातात घेऊन लगेच परत देतो. ऑलिव्ह तेलाचा सल्लाही पुष्कळ जण देतात. तेही हळूहळू आम्लच सोडतं. तेलच हवं असेल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन बरं, पण नंतर ॲसिटोनने पूर्ण धुवा.

पावसाळ्यात दिसतो तो हिरवा रोग. साधी हिरवी पुटं कडक आणि गुळगुळीत असतात, त्यांची काळजी नको. रोगाचे ठिपके फिकट, भुसभुशीत. नाणं कागदावर आपटलं की पोपटी भुकटी पडते. आतलं तांब्याचं क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करतं, ते आणखी तांबं खातं, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. यावर सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सोड्यासारख्या क्षाराचं ५ टक्के द्रावण वापरलं. काम करतं, पण अतिशय सावकाश, आणि नाण्याचा रंग मळकट होतो. साध्या नाण्याला चालेल, चांगल्या शिवराईला मी लावणार नाही. प्रयोगशाळेत बेंझोट्रायझोल हे गंज रोखणारं रसायन वापरतात. ते विषारी, घरात नको.

रेनेसाँ वॅक्स, म्हणजे जुन्या वस्तूंवर लावायचं मेण, महाग आहे. बोटांचे ठसे उमटत नाहीत, अक्षरं उठून दिसतात, एवढ्यासाठी पैसे वसूल. पण मेण लावलं म्हणजे रोग थांबला असं नाही. क्षार आत राहिलेल्या नाण्यांवर ऑगस्टात मेणाखालूनही ठिपके फुटले.

सगळ्यात कामाला आला तो घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. खोलीत काटा ८० टक्क्यांच्या पुढे, डब्यात ४०च्या खाली. त्या डब्यातल्या एकाही नाण्यावर नवा ठिपका नाही. जेलचा रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर परतून घेतो. ती कढई स्वयंपाकाला परत नाही. लाकडी पेटी टाळा, लाकडातून आम्लाची वाफ सुटते.

अल्बमला नापास. नव्या रेक्झिनचा वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं महिन्याभरात चिकट झाली आणि पाव आण्यावर हिरवट ओलसर थर धरला. तो शुद्ध ॲसिटोनने निघाला (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, आणि गॅस पेटलेला असताना तर नाहीच). पाकिटं घेताना आता मायलरचीच (पॉलिएस्टरच्या फिल्मची) मागतो.