मूव्हमेंट स्क्रीनिंग करून आठ महिने झाले, स्कोअर वाढला पण…

आधी माझं सांगते, म्हणजे हे कुणी लिहिलंय त्याचा अंदाज येईल. वय ३४, राहायला लालबाग, ऑफिसच्या टीमकडून कबड्डी खेळते, डावा कोपरा. मागच्या जूनमध्ये एका स्पोर्ट्स क्लिनिकमध्ये अडीच हजार भरून एफएमएस करून घेतली, म्हणजे फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन, ठरलेल्या हालचाली करायला लावून शरीर कुठे अडतंय ते बघायची तपासणी. ग्रे कुक आणि ली बर्टन या दोघा अमेरिकन लोकांनी नव्वदच्या दशकात काढलेली पद्धत, सात हालचाली, प्रत्येकीला शून्य ते तीन मार्क, एकूण २१. दुखलं की थेट शून्य, मग हालचाल कितीही छान होवो, आणि डाव्या-उजव्यात फरक आला तर जो कमी तोच मार्क धरतात.

मला १३ मिळाले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लाल-हिरवा रिपोर्ट आला, त्यात लालमध्ये 'इंज्युरी रिस्क हाय' आणि लगेच खाली १२ सेशनच्या पॅकेजचा रेट. घाबरवून गळ्यात मारायचा प्रकार आहे हा, पण घाबरले मी हेही खरंच. पॅकेज मात्र घेतलं नाही.

घरीच सुरू केलं. झाडूचा दांडा खांद्यावर, अडथळ्याला दोन खुर्च्यांना बांधलेली नाडी, आणि आमच्या चाळीतल्या खोलीत लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं) करायचा तर आधी कॉट सरकवायची. शोल्डरच्या टेस्टला तर फक्त आपला हात लागतो, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, मग एक मूठ वरून एक खालून पाठीमागे न्यायची, दोन मुठींमधलं अंतर एका हाताएवढं किंवा कमी असेल तर तीन. रोटरी स्टॅबिलिटीत, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन तोल सांभाळायच्या टेस्टमध्ये, एकाच बाजूचा हात-पाय उचलून तीन मार्क आणलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही, आमच्या टीममध्ये सगळ्यांनाच दोन.

पैसे वसूल झाले ते मात्र डीप स्क्वॉटमध्ये. खाली बसले की माझ्या टाचा उचलल्या जायच्या. क्लिनिकवाल्यांनी लिहिलं 'हॅमस्ट्रिंग टाइट', म्हणजे मांडीमागचे स्नायू आखडलेले, म्हणून मी दोन महिने इमानदारीत पाय पसरून बोटं पकडत बसले, बोटांच्या पुढे हात जायला लागले, स्क्वॉट तिथल्या तिथेच. मग टीममधल्या एकीचा भाऊ फिजिओ आहे, तो म्हणाला ताई, टाचेखाली काहीतरी ठेवून बसून बघ. देवपूजेचा पाट घेतला (आईचं तोंड बघण्यासारखं होतं) आणि त्याच्या कडेवर टाचा टेकवून बसले तर अगदी सरळ खाली! म्हणजे मांडी-बिंडी काही नाही, अडलं होतं घोट्यात. मग त्याने भिंतीची टेस्ट शिकवली, पायाचा अंगठा भिंतीपासून लांब लांब नेत जायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकला पाहिजे, जिथपर्यंत टेकतो तिथलं अंतर मोजायचं. डावा ११ सेंटीमीटर, उजवा साडेसहा. उजवा घोटा २०१६ मध्ये मुरगळला होता, तेव्हा आठवडाभर क्रेप बँडेज बांधून परत मॅटवर गेले होते, त्याचंच हे. कोपऱ्यात खाली बसून पवित्रा घेतला की वजन कायम डाव्या पायावर जायचं ते का, हे इतक्या वर्षांनी कळलं. चाळीच्या जिन्यात पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, रोज तीन वेळा पंधरा, एवढंच केलं. आज उजवा साडेनऊ आहे.

डिसेंबरपर्यंत एकूण स्कोअर १६ झाला, मी खूश, आणि जानेवारीत प्रॅक्टिसमध्ये पकड करताना जांघेत चमक आली, तीन आठवडे घरी. सातही टेस्टमध्ये जांघेचं नाव नव्हतं. तेव्हा चिडून वाचायला बसले. १४ किंवा त्याहून कमी मार्क म्हणजे दुखापतीचा धोका जास्त, ही रेषा आली २००७ च्या एका अभ्यासातून, अमेरिकन फुटबॉलच्या एकाच टीमचे ४६ खेळाडू, एक सीझन. एवढ्यावरून अख्ख्या जगातले ट्रेनर लाल रंग फासतायत. नंतरच्या अभ्यासांमध्ये ती रेषा काही नीट टिकली नाही, आणि नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये सरळ लिहिलं की स्क्रीनिंग टेस्टने दुखापतीचं भाकीत होत नाही, बहुतेक कधी होणारही नाही, कारण दुखापत होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे मार्क एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मध्ये कुठेही रेघ मारा, दोन्हीकडचे दोन्हीकडे सापडतात. मला हे पटलं, आमच्या टीममध्येच ११ मार्कवाली चार वर्षं धडधाकट खेळतेय.

अजून एक गंमत. सकाळी उठल्या उठल्या मोजलं तर घोटा एक सेंटीमीटर कमी भरतो, प्रॅक्टिसनंतर जास्त. ठाण्याहून लोकलमध्ये उभं राहून आल्यावर मोजलं तर काहीच्या काही. म्हणून आता दर रविवारी, चहानंतर, त्याच भिंतीला.

आणि लवचीक म्हणजे चांगलं हेही डोक्यातून काढा. माझी भाची शिवाजी पार्कला मल्लखांब करते, अंगठा वाकवून मनगटाला लावते, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकवते, बायटन स्कोअरमध्ये (सांधे किती सैल आहेत ते मोजायचे मार्क) ९ पैकी ७. तिला फिजिओने स्ट्रेचिंग कमी करून खांद्याची ताकद वाढवायला लावलंय, खांदा सैल पडतो म्हणून. तिच्यापुढे मी म्हणजे लाकूड, पण माझा खांदा कधी सटकला नाही.

तर करायचीच असेल तर जिथे दुखतंय ते शोधायला आणि डाव्या-उजव्यातला फरक बघायला करा, बेरीज विसरा. मी आता फक्त भिंतीचा घोटा, एका पायावरचा तोल आणि जांघेत उशी दाबून ताकद, एवढंच बघते. टेलरची टेप मोरीच्या भिंतीपाशी लादीवर चिकटवून ठेवली आहे, आई दर आठवड्याला पुसताना ती उखडते आणि मी परत चिकटवते.