केळीच्या बागेलगतचे लोखंडी खुराडे : आठ महिन्यांचा अनुभव

यावल तालुक्यातील आमचे परसदार केळीच्या बागेला लागून आहे, आणि बागेत मुंगूस, रानमांजर व उंदरांच्या मागावर फिरणारी धामण यांचा किती राबता असतो, हे कोंबड्या पाळल्यावरच नीट कळले. डालग्याखाली डाललेल्या चार कोंबड्या एका आठवड्यात गेल्या, तेव्हा जवळच्या बाजारगावातील एका वेल्डिंगच्या दुकानातून तयार खुराडे ८,५०० रुपयांना आणले. लांबीरुंदी ६ बाय ४ फूट, सांगाडा एक इंची अँगलचा आणि वर पत्रा.

त्याची खरी जमेची बाजू म्हणजे जाळी. षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबड्या आत ठेवण्यापुरती असते. कुत्र्याने दातांत धरून ओढली की तिचे पीळ उलगडतात. येथे मात्र अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी आहे. ‘‘भाऊ, बोट घालून पाहा,’’ असे दुकानदार म्हणाला, तेव्हा माझी करंगळी पहिल्या पेराशीच अडकली. मोठे उंदीर आत शिरत नाहीत, त्यामुळे खाद्य वाचते आणि उंदरांमागून येणारा सापही टळतो.

दाराला मात्र, बहुधा उरलेला तुकडा खपवण्यासाठी, दोन इंची जाळी लावलेली होती, आणि ती आमच्याही लक्षात आली नाही. श्रावणातल्या एका रात्री दाराला टेकून बसलेल्या तलंगीचा (तरुण कोंबडीचा) पंख रानमांजराने पंजा घालून बाहेर ओढला. सकाळी जाळीत तांबडी पिसे अडकलेली होती आणि तलंग आत मरून पडली होती. दुकानदाराने चूक कबूल करून बारीक जाळी फुकट दिली, पण ती बसवायला कोणी आले नाही. बाइंडिंगच्या तारेने ती आम्हीच आवळली आणि बसण्याचा दांडा जाळीपासून फूटभर आत सरकवला.

खुराड्याला तळ नाही, हा दुसरा दोष. मुंगूस दिवसाढवळ्या येते आणि कडेची माती उकरते, म्हणून चारही बाजूंनी दीड फूट रुंदीची जाळीची तळपट्टी जमिनीलगत आडवी पसरून ती मातीखाली दाबावी लागली. त्याचे ९०० रुपये वेगळे. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने फासे किंवा विष हा मार्ग नाहीच. दाराची आकड्याची कडीही काढून तेथे खिट्टीचा अडसर बसवला, कारण कुत्रे नाकाने आकडा उचलते. वैशाखात पत्रा तव्यासारखा तापतो. त्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाड थर टाकल्यावर कोंबड्यांची धाप कमी झाली.

आता पिलांसाठी दुसरे खुराडे त्याच दुकानात सांगितले आहे, परंतु या वेळी दाराची जाळी आणि तळपट्टी मोजून घेतल्यावरच उरलेले पैसे देण्याचे ठरले आहे.